जठरातला जंतू : राखणदार की साक्षीदार?



हिवाळा लागला की जळगावच्या आसपास शेताशेतांत भरताच्या पार्ट्या सुरू होतात. तुराट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, हिरव्या मिरच्यांबरोबर लाकडी भांड्यात ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. धुळ्याकडचा माणूस शेवभाजीच्या रश्श्याबद्दल तेवढ्याच अभिमानाने बोलतो. अशा जेवणात पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आले नाही, तर यजमानाला काही तरी चुकल्यासारखे वाटते. साहजिकच खानदेशात कोणाच्या पोटात आग पडू लागली की सगळ्यांचे बोट मिरचीकडे वळते.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या एका गृहस्थांना जठरात व्रण, म्हणजे अल्सर, झाला होता. वर्षानुवर्षे ते दूधभात आणि बिनतिखटाचे वरण यांवर राहिले. काळजी करू नका आणि तिखट खाऊ नका, एवढाच सल्ला. बिचारे दोन्ही पाळत असत आणि व्रण पुन्हापुन्हा उलटत असे.

तो व्रण मिरचीने झालेला नव्हता, असे आज जवळजवळ खात्रीने म्हणता येते. बहुतेक जठरव्रणांच्या मुळाशी एक जीवाणू असतो. त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. (वेदनाशामक गोळ्या फार दिवस घेतल्यानेही व्रण होतात, पण तो आजचा विषय नाही.) हा जंतू जठरात काय करतो हे एव्हाना पुष्कळ समजले आहे. परंतु गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांना त्याच्याबद्दल एक निराळाच प्रश्न पडला आहे. जठरापासून हातभर दूर असलेल्या मेंदूतल्या एका दुखण्याशी या जंतूचा काही संबंध आहे काय? आणि असला, तर तो त्रास देण्याचा आहे की चक्क राखण करण्याचा?

प्रश्न ऐकायला चमत्कारिक वाटतो. तो पडला कसा आणि त्याचा तपास कसा चालला आहे, ते पाहू. त्यासाठी जंतूची ओळख अगोदर करून घ्यावी लागेल.

आम्लात राहणारा

आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल पाझरते. ते इतके तीव्र असते की अन्नाबरोबर गिळलेले बहुतेक जंतू त्यात मरून जातात. म्हणून जठरात जीवाणू वस्ती करूच शकत नाहीत, असे वैद्यकाच्या पुस्तकांत लिहिलेले असे. १९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराच्या रुग्णालयात रॉबिन वॉरेन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ जठराच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. त्यांना त्यात वळणदार जीवाणूंच्या रांगा दिसल्या. पुढे बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनी हे जीवाणू बशीत वाढवण्याचा प्रयत्न चालवला. तीसहून अधिक रुग्णांचे नमुने वाया गेले. दोन दिवसांत काही उगवले नाही की बशा टाकून देण्याची प्रयोगशाळेची पद्धत होती. १९८२ च्या एप्रिलमध्ये ईस्टरची सुटी मध्ये आली, बशा टाकायच्या राहून गेल्या, आणि सुटीनंतर पाहतात तो एका बशीत जीवाणूंची वसाहत उगवलेली! हा जंतू सावकाश वाढतो, एवढीच गोष्ट होती.

तरीही डॉक्टरांचा विश्वास बसेना. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी अगोदर आपले जठर निरोगी असल्याची तपासणी करून घेतली आणि मग या जीवाणूंनी भरलेला द्राव स्वतःच पिऊन टाकला. थोड्याच दिवसांत त्यांना ओकाऱ्या होऊ लागल्या. दहाव्या दिवशी दुर्बिणीने पाहिले तेव्हा जठराच्या अस्तराला दाह झालेला होता. पुढे प्रतिजैविके घेऊन ते बरे झाले. त्यांना व्रण झाला नाही, दाह झाला. हा फरक अनेक लेखक सांगायचे विसरतात. २००५ साली वॉरेन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तुम्ही मात्र असले प्रयोग स्वतःवर करू नका.

आम्लात हा जंतू टिकतो कसा? त्याच्याजवळ युरिएज नावाचे विकर असते. जठरात थोडा युरिया असतोच. या विकराने युरियाचे विघटन होऊन अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. अमोनिया हा आम्लारिधर्मी वायू, म्हणजे आम्लाचा शत्रू. जंतू आपल्याभोवती अमोनियाची गोधडी लपेटून घेतो आणि शेपट्यांसारख्या कशाभिकांनी पोहत जठराच्या चिकट श्लेष्मात शिरतो. तिथे आम्लाचा जोर कमी असतो. एकदा घर केले की औषध घेतल्याशिवाय तो सहसा जात नाही. जन्मभर राहतो.

तो कुठून येतो? लहानपणी, आणि बहुधा घरातल्याच माणसांकडून. उष्टे ताट, वांतीचा स्पर्श, अस्वच्छ हात, दूषित पाणी असे त्याचे मार्ग आहेत. एका खोलीत पुष्कळ माणसे झोपत असतील तर त्याचे काम सोपे होते. हैदराबादकडील एका पाहणीत विहिरीचे पाणी पिणाऱ्यांत नळाचे पाणी पिणाऱ्यांपेक्षा या जंतूची लागण जास्त आढळली. मुंबईत १९९० नंतरच्या सुमारास निरोगी माणसांचे रक्त तपासले होते. या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांत सापडली. दहा ते एकोणीस या वयात हेच प्रमाण शंभरात ऐंशीच्या पुढे गेले होते. त्यांतल्या बहुतेकांना पोटाची काहीही तक्रार नव्हती.

हा पाहुणा फार जुना आहे. सुमारे साठ हजार वर्षांपूर्वी माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हा तो त्याच्या पोटातून आला. आल्प्स पर्वतात बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जठरातही त्याच्या खुणा २०१६ साली मिळाल्या. गंमत अशी की त्या हिममानवाच्या पोटातला वाण आज युरोपात नव्हे, तर आपल्याकडे, दक्षिण आशियात सापडणाऱ्या वाणाशी जास्त जुळतो.

कुंपण शेत खाते तेव्हा

आता त्या दुसऱ्या दुखण्याकडे वळू. त्याचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. याचा शब्दशः अर्थ ठिकठिकाणी आलेले कठीणपण. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे व्यवस्थित वर्णन केले. मृत रुग्णांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत त्यांना कठीण झालेले चट्टे आढळले होते.

हे चट्टे कसले? रावेर-यावलच्या केळीच्या बागेत विहिरीवर विजेची मोटार असते. तिच्या तांब्याच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टण असते. उंदरांनी ते कुरतडले की काय होते, हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको. कधी मोटार सुरूच होत नाही, कधी अडखळत चालते, कधी पावसात बंद आणि उन्हात चालू. आपल्या मेंदूतल्या पुष्कळ मज्जातंतूंवरही असेच एक चरबीयुक्त वेष्टण असते. त्याला मायेलिन म्हणतात. त्यामुळे संदेश वेगाने धावतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये हे वेष्टण जागोजाग झिजते. ते डोळ्याच्या मज्जातंतूवर झिजले तर एका डोळ्याने धूसर दिसू लागते. मज्जारज्जूत झिजले तर पायाला मुंग्या येतात, चाल बिघडते. काही आठवड्यांनी बरे वाटते. वर-सहा महिन्यांनी दुसरेच काही सुरू होते. रोग बहुधा वीस ते चाळीस या वयात लागतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुप्पट-तिप्पट होतो. शिकून नोकरीला लागलेली, किंवा पदरात लहान मूल असलेली बाई हात बधिर झाल्याचे सांगते, आणि घरातले म्हणतात, अशक्तपणा असेल, टॉनिक घे. मेंदूचे चित्र एमआरआय यंत्राने काढल्याशिवाय हे निदान बहुधा पक्के होत नाही. ती यंत्रे यायच्या अगोदर जिल्ह्याच्या गावी असे किती रुग्ण अशक्तपणाच्या खात्यात जमा झाले असतील, कोण जाणे.

आणि हे वेष्टण कुरतडणारा उंदीर कोण? आपलीच प्रतिकारयंत्रणा. रक्तातल्या टी-पेशींचे काम परक्या जंतूंना ओळखून मारण्याचे. त्या येथे मायेलिनलाच परके समजतात. कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण म्हणतो ना, अगदी तसेच. रोगावर आज चांगली औषधे आहेत, त्यांनी हल्ले पुष्कळ कमी होतात; पण कुंपणाची बुद्धी मुळात फिरते कशाने, हे कोडे आहे.

निरोगी शरीरात मात्र टी-पेशींना आवरणारे जमादारही असतात. त्यांना नियंत्रक टी-पेशी म्हणतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली त्या दाखवून दिल्या. या कामासाठी त्यांना अमेरिकेच्या मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे जमादार लक्षात ठेवा. ते पुन्हा भेटणार आहेत.

दोन नकाशे

जगाचा नकाशा घ्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण त्यावर मांडा. २०२० च्या अंदाजाप्रमाणे जगात असे सुमारे २८ लाख रुग्ण आहेत, पण ते सारखे पसरलेले नाहीत. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर लाखात सुमारे चारशे. मंगळूर शहरात केलेल्या एका मोजणीत लाखात सुमारे आठ. विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा रोग वाढतो. जळगाव आणि धुळे २१ अंश उत्तर अक्षांशाच्या अगदी जवळ आहेत आणि तिथल्या वैशाखातल्या उन्हाबद्दल मी काही सांगायला नको. सूर्यप्रकाशाने त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. ते कमी असणाऱ्यांत हा रोग अधिक दिसतो. म्हणून ऊन हे एक उत्तर झाले.

आता दुसरा नकाशा घ्या आणि त्यावर जठरातला जंतू मांडा. जिथे लहानपणीच सगळ्यांना त्याची लागण होते, तिथे मल्टिपल स्क्लेरोसिस थोडा. जिथे घरे मोठी, मुले थोडी आणि पाणी शुद्ध, तिथे जंतू थोडा आणि मल्टिपल स्क्लेरोसिस जास्त. ढोबळ मानाने एक नकाशा दुसऱ्याच्या उलटा दिसतो.

याला जोड मिळाली ती १९८९ साली ब्रिटनच्या डेव्हिड स्ट्रॅचन यांच्या एका निरीक्षणाची. सतरा हजारांहून अधिक मुलांच्या नोंदींत त्यांना असे दिसले की ज्यांना मोठी भावंडे जास्त, त्यांना गवतज्वर, म्हणजे परागकणांनी येणारी सर्दी, कमी. त्यांनी सुचवले की लहानपणी भावंडांकडून होणाऱ्या संसर्गांमुळे प्रतिकारयंत्रणेला वळण लागत असावे. ज्या यंत्रणेला असे वळण लागले नाही, ती पुढे भलत्याच गोष्टींवर धावून जाते. वळण नसलेले पोर, दुसरे काय!

पण ऊन आणि जंतू यांनीच सगळे सुटत नाही. आपल्याच राज्यातले एक उदाहरण पाहा. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या काळातील इतर संशोधकांनी १९८८-९० च्या सुमारास मुंबईतील पारशी समाजात मल्टिपल स्क्लेरोसिसची मोजणी केली. प्रमाण लाखात विसाच्या पुढे निघाले. त्या वेळी बाकीच्या भारतात ते लाखात एकाच्या आसपास धरले जात असे. शहर तेच, ऊन तेच. मग फरक कशाचा? पारशी लोक इराणातून आले आणि शेकडो वर्षे आपसांतच विवाह करीत राहिले, तेव्हा आनुवंशिकता हे एक कारण असू शकते. त्यांची कुटुंबे लहान, घरे मोकळी, शिक्षण जास्त, हेही असू शकते. शिवाय पारशी पंचायतीमुळे माणसांची नोंद चांगली आणि डॉक्टरकडे जाण्याची सवय जुनी, म्हणून रुग्ण सापडले अधिक, हा तिसरा तर्क. (चाळीसगावचे प्रसिद्ध छायाचित्रकार केकी मूस पारशी होते, हे खानदेशातल्या वाचकांना माहीत असेलच. पण खानदेशात पारशी घरे इतकी थोडी की अशी मोजणी इथे करताच आली नसती.)

याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे. भारतातून आणि इतर देशांतून ब्रिटनमध्ये जाऊन राहिलेल्या लोकांत मल्टिपल स्क्लेरोसिस कमी आढळे. परंतु त्यांची ब्रिटनमध्येच जन्मलेली मुले १९९० मध्ये तपासली, तेव्हा त्यांच्यातले प्रमाण तिथल्या इतर मुलामाणसांच्या जवळपास येऊन पोचले होते. आईबापांकडून आलेली जनुके तीच. बदलले ते बालपण.

पर्थमधले गणित

नकाशांवरून संशय येतो. तो तपासायला माणसे मोजावी लागतात. असे मोजमाप २०१५ साली प्रसिद्ध झाले, आणि तेही पर्थमध्येच. संशोधकांच्या यादीत बॅरी मार्शल यांचेही नाव होते. ज्या जंतूला त्यांनी आरोपी म्हणून जगापुढे उभे केले, त्याच्या बाजूने निघालेला पुरावा तपासायला ते तीस वर्षांनी पुन्हा हजर!

मल्टिपल स्क्लेरोसिसचे साडेपाचशे रुग्ण आणि सुमारे तीनशे निरोगी माणसे यांचे रक्त घेऊन जंतूविरुद्धची प्रतिपिंडे पाहिली. स्त्रियांत असा आकडा आला: निरोगी स्त्रियांपैकी शंभरात सुमारे २२ जणींना लागण झालेली होती, रुग्ण स्त्रियांपैकी शंभरात सुमारे १४ जणींना. पुरुषांत असा फरक दिसला नाही.

येथे थोडे थांबा आणि वहीत दोन ओळी लिहा. निरोगी: २२ लागण, ७८ बिनलागण. रुग्ण: १४ लागण, ८६ बिनलागण. घाईने वाचणारा म्हणेल, रुग्णांपैकी ८६ जणींना जंतू नव्हता, म्हणजे जंतू नसल्यामुळेच रोग झाला! पण निरोगी स्त्रियांतही ७८ जणींना जंतू नव्हताच. आता १४ ला ८६ ने भागा: ०.१६. मग २२ ला ७८ ने भागा: ०.२८. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागले की साधारण ०.५८ येते. लागण आणि रोग यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता तर हे उत्तर १ च्या आसपास आले असते. १ पेक्षा ते कमी आहे, म्हणजे लागण झालेल्यांच्या वाट्याला रोग कमी आलेला दिसतो. गणित एवढेच सांगते. का, ते सांगत नाही.

समजा, धुळ्याच्या एखाद्या शाळेत तुम्ही पाहणी केली आणि असे आढळले की आसपासच्या खेड्यांतून सायकलीने येणाऱ्या मुलांत चष्मे कमी आहेत. सायकल चालवल्याने डोळे सुधारतात, असे तुम्ही म्हणाल काय? सायकलीने येणारी मुले खेड्यातली. त्यांचे बालपण शेतात, उघड्यावर गेलेले. चष्म्याचा संबंध त्या बालपणाशी असू शकतो. सायकल ही त्या बालपणाची नुसती खूण आहे. चष्मा लागू नये म्हणून शहरातल्या मुलाला सायकल घेऊन दिली तर दुकानदाराचा फायदा होईल.

जठरातला जंतूही अशीच खूण नसेल कशावरून? ज्या घरात तो असतो, त्या घरात भावंडे पुष्कळ, खोल्या थोड्या, आणि इतर दहा प्रकारचे जंतूही असतात. राखण त्यांच्यापैकी कोणी भलताच करत असेल आणि आपण नाव मात्र याचे घेऊ. आणखी एक अडचण आहे. दीर्घ दुखण्याच्या माणसाला अनेकदा प्रतिजैविके घ्यावी लागतात. त्यांत जठरातला जंतूही मरत असेल, तर रुग्णांत तो कमी सापडणे हे रोगाचे कारण नसून रोगाचा परिणाम ठरेल. आधी काय आणि नंतर काय, हे एकदाच घेतलेल्या रक्तावरून ओळखणे कठीण.

ही अडचण प्राण्यांवरच्या प्रयोगात टाळता येते, कारण तिथे क्रम आपल्या हातात असतो. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१५ मध्येच असा प्रयोग प्रसिद्ध केला. काही उंदरांना अगोदर हा जंतू दिला, काहींना दिला नाही. नंतर सगळ्यांत मायेलिनवर हल्ला होईल असा कृत्रिम रोग निर्माण केला. जंतू असलेल्या उंदरांना रोग झाला, पण सौम्य. त्यांच्या टी-पेशींचा मायेलिनविरुद्धचा आवेश कमी होता. असे का व्हावे? येथे ते जमादार आठवा. एखाद्या जंतूला माणसाच्या पोटात पन्नास-साठ वर्षे काढायची, तर यजमानाच्या प्रतिकारयंत्रणेला शांत ठेवावे लागते. हा जंतू नियंत्रक टी-पेशींची संख्या वाढवतो, असे जठराच्या अस्तरात दिसले आहे. स्वतःच्या बचावासाठी त्याने बोलावलेले जमादार दुसरीकडची दंगलही आवरत असतील, अशी कल्पना आहे. कल्पना सुरेख आहे. मला स्वतःला ती इतकी आवडते की तिच्याबद्दल जरा जास्तच संशय घ्यावा असे वाटते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि तो कृत्रिम रोग म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस नव्हे.

शिवाय पुरावा एकाच बाजूचा नाही. ग्रीसमधील डॉक्टरांनी रक्ताऐवजी जठराच्या अस्तराचे तुकडे तपासले, तेव्हा त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत हा जंतू कमी नव्हे, जास्त आढळला. जपानमधून तर वेगळीच हकीकत आली. तिथे या रोगाचे दोन प्रकार मानत असत. एक नेहमीचा, आणि दुसरा फक्त डोळ्याच्या मज्जातंतूवर आणि मज्जारज्जूवर घाला घालणारा. नेहमीच्या प्रकारात जठरातला जंतू कमी, दुसऱ्यात तसा कमी नाही. पुढे कळले की त्या दुसऱ्या प्रकारातले पुष्कळ रुग्ण मुळात निराळ्याच रोगाचे होते. त्यांच्या रक्तात एक खास प्रतिपिंड २००४ साली सापडले. दोन रोग एकाच नावाखाली मोजले, तर बेरीज काहीही सांगू शकते. आपल्याकडच्या जुन्या नोंदींतही हे दोन रोग एकत्र मोजले गेले असणार.

साक्षीदाराची बाजू

दरम्यान या तपासात एका मोठ्या आरोपीचे नाव पुढे आले आहे. एप्स्टाइन-बार हा विषाणू १९६४ साली शोधला गेला. तो लाळेतून पसरतो आणि जगातल्या जवळजवळ सगळ्या माणसांना कधी ना कधी होतो. अमेरिकेच्या सैन्यात सैनिकांचे रक्त ठरावीक काळाने घेऊन साठवून ठेवतात. वीस वर्षांतल्या एक कोटी सैनिकांच्या नोंदी तपासून २०२२ च्या जानेवारीत एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या ज्या ८०१ सैनिकांचे रक्त मिळाले, त्यांपैकी ८०० जणांना हा विषाणू अगोदर होऊन गेलेला होता. विषाणूची लागण झाल्यावर रोगाचा धोका ३२ पट वाढत होता. पर्थच्या पाहणीत जी गोष्ट नव्हती ती येथे आहे: आधीचे रक्त आणि नंतरचे रक्त. क्रम ठरवता आला.

तुम्ही विचाराल, विषाणू सगळ्यांनाच होतो, मग रोग थोड्यांनाच का? याचे पूर्ण उत्तर नाही, पण एक धागा आहे. बाळपणी हा विषाणू झाला तर बहुधा कळतही नाही. तोच पंधरा-वीस वर्षांच्या वयात पहिल्यांदा झाला तर ताप येतो, घसा धरतो, मानेच्या गाठी सुजतात. त्याला ग्रंथिज्वर म्हणतात, आणि तो होऊन गेलेल्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस अधिक आढळतो. आता बघा. उष्ट्या ताटात जेवणाऱ्या, एका अंथरुणावर चार भावंडे झोपणाऱ्या घरात हा विषाणूही लवकर येणार आणि जठरातला जंतूही लवकर येणार. एकाच दारातून दोघे आत आले. पुढे राखण झाली असेल ती विषाणू लवकर आल्यामुळे, आणि जठरातला जंतू कोपऱ्यात बसून सगळे पाहत होता, एवढेच असेल. राखणदार नव्हे, साक्षीदार.

माझे मत विचाराल तर माझा कल साक्षीदाराकडे थोडा अधिक आहे. पण नॉटिंगहॅमचे उंदीर मला पूर्ण निश्चिंत होऊ देत नाहीत.

एक गोष्ट मात्र कल्पनेवर सोडायची नाही. या जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९४ सालीच जठराच्या कर्करोगाच्या निश्चित कारणांत घातले आहे. तेव्हा मेंदूची राखण करील या आशेने त्याला पोटात मुद्दाम ठेवून घेणे, किंवा डॉक्टरांनी दिलेली औषधे अर्ध्यात टाकणे, हा वेडेपणा होईल. त्याला कसे ओळखतात, याची युक्ती मात्र मोठी छान आहे. खास खूण केलेल्या कार्बनचा युरिया रुग्णाला प्यायला देतात. जंतू असला तर त्याचे युरिएज तो फोडते, आणि खूण केलेला कार्बन डायऑक्साइड थोड्या वेळाने श्वासात सापडतो. म्हणजे चोराला बाहेर न काढता त्याच्या चुलीचा धूर मोजायचा!

करून पाहा

रक्त तपासणे तुमच्या हातात नाही, परंतु बालपण मोजणे आहे. वर्गातल्या प्रत्येकाने एक तक्ता करावा. तीन रकाने: आजी किंवा आजोबा, आई किंवा वडील, आणि मी स्वतः. प्रत्येकाची पाच वर्षांच्या वयाची माहिती विचारून लिहा. घरात भावंडे किती, एका खोलीत किती जण झोपत, पिण्याचे पाणी कुठून येई, ते उकळत किंवा गाळत असत का, सगळे एका ताटात जेवत का. भावंडांचे आणि खोलीतल्या माणसांचे आकडे सगळ्या वर्गाचे एकत्र करा, सरासरी काढा आणि तिन्ही पिढ्यांचे तीन स्तंभ आलेखावर काढा. जळगावातली एक शाळा आणि तापीकाठच्या खेड्यातली एक शाळा यांनी आपले आलेख पोस्टाने एकमेकांना पाठवले तर फारच चांगले. गुरुजनांनी एवढेच पाहावे की कोणाच्या घरची अडचण वर्गात मोठ्याने वाचली जाणार नाही. तक्त्यावर नाव नको, नुसता क्रमांक पुरे.

पाण्याच्या ओळीत आजीच्या रकान्याला जागा जरा जास्त सोडा. पांझरेचा झिरा, गिरणेचा डोह, गावचा आड, दुष्काळातली पाटलाची विहीर, हे सगळे त्याच एका ओळीत बसवायचे आहे.